वेगाच्या नादात कारवान कुत्र्याची बाकीची कामं हरवू नयेत

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

दसरा झाला की आपल्या दैनिकाच्या ग्रामीण पानावर श्वान शर्यतींच्या बातम्या सुरू होतात आणि यात्रांचा हंगाम संपेपर्यंत चालतात. कुठल्या गावच्या मैदानात कुणाचं कुत्रं पहिलं आलं, ढाल कुणी नेली, बक्षीस किती होतं, सगळं छापून येतं. त्यानंतर काय होतं ते मात्र येत नाही. पहिल्या आलेल्या नराकडं आसपासच्या गावांतून माजावर आलेल्या माद्या आणल्या जातात. त्याची पिल्लं जन्मायच्या आधीच बोलून ठेवलेली असतात. तो नर रात्री राखण करतो का, मेंढरात सोडला तर काय करतो, पोराबाळांत कसा वागतो, हे कुणी विचारत नाही. मादीबद्दल तर काहीच विचारलं जात नाही. हे असंच चालू राहिलं तर आपल्या भागातलं कारवान, म्हणजे मुधोळ, फक्त पळणारं कुत्रं होऊन बसेल आणि ज्या शेतकऱ्यानं, मेंढपाळानं ते इतकी वर्षं सांभाळलं त्याच्याच उपयोगाचं राहणार नाही. म्हणून हे पत्र.

मी पशुसंवर्धन खात्यात पशुधन पर्यवेक्षक होतो. हातकणंगले, शिरोळ, कागल या तालुक्यांत नोकरी झाली. घराणं मेंढपाळाचं. पावसाळ्यात वडील आणि चुलते मेंढरं घेऊन कमी पावसाच्या पूर्व भागात उतरायचे, दिवाळीच्या सुमारास परत फिरायचे आणि मग ज्याच्या रानात खतासाठी मेंढरं बसवायला बोलावणं येईल तिथं मुक्काम पडायचा. शाळेला सुट्टी लागली की मी वाड्यावर, म्हणजे मेंढरांच्या तळावर.

वाड्यावरच्या कुत्र्यांना एकच काम कधीच नव्हतं. रात्री मेंढरं जाळीत कोंडली की बाहेरच्या बाजूनं फिरायचं आणि लांडग्याची चाहूल लागली की ओरडून सगळ्यांना उठवायचं. दिवसा पुरुष माणसं मेंढरांमागं गेली की बिऱ्हाडाजवळ थांबायचं, कारण तिथं बाई, लहान पोरं आणि दोन-चार दिवसांची कोकरं एवढंच असायचं. आजोबांच्या काळात ससा धरून आणणं हेही काम होतं. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि ते योग्य कारणानं बंद झालं. कुत्र्यांत निव्वळ कारवान थोडी असत. बरीच कारवानाचं रक्त असलेली, पण छातीनं रुंद आणि कातडीनं जाड अशी असत. दिसायला एकसारखी नव्हती, कामाला मात्र एकसारखी होती.

कुठलं पिल्लू ठेवायचं हे माझी चुलती ठरवायची. पिल्लं थोडी चालायला लागली की ती मुद्दाम त्यांच्याजवळ पितळी आपटायची. सगळीच पिल्लं दचकत. लगेच वळून वास घ्यायला कोण येतं, इकडं तिचं लक्ष. कोकरू तोंडाशी आलं तर कोण शांत बसतं, कोण दात लावतं, हेही ती बघायची. आणि एक नियम तिनं कधी मोडला नाही. ज्या कुत्रीनं एकदा कोकराला तोंड घातलं तिचं पिल्लू ठेवायचं नाही, मग ती कुत्री राखणीला कितीही चांगली असो. पुढं खात्याच्या प्रशिक्षणात पैदाशीचे धडे आले तेव्हा हीच पद्धत पुस्तकात सापडली. प्रत्येक गुणाला किमान पातळी ठरवायची. एका गुणात खाली गेलेलं जनावर बाकीच्यात उत्तम असलं तरी पैदाशीतून बाद. दुसरी पद्धत म्हणजे प्रत्येक गुणाला वजन देऊन बेरीज करायची आणि बेरजेवर निवडायचं. तिसरी, काही पिढ्या एक गुण आणि मग काही पिढ्या दुसरा. तिसरी सगळ्यात कमजोर, कारण दुसऱ्या गुणाच्या मागं लागेपर्यंत पहिला सुटत जातो. आज शर्यतीसाठी जे चाललं आहे ते या तिन्हींत बसत नाही. तिथं गुण एकच, आणि तोही एका मिनिटाच्या आत मोजून होणारा.

अनेक कामांसाठी पैदास म्हटली की लोकांना वाटतं, एकाच कुत्र्यानं सगळं करावं. तसं नसतं. पोलिसांच्या श्वान पथकातलं स्फोटकं शोधणारं कुत्रं सहसा अमली पदार्थ शोधायला वापरत नाहीत, कारण ते एखाद्या पिशवीपुढं बसलं की हस्तकाला, म्हणजे ते सांभाळणाऱ्या पोलिसाला, त्याच क्षणी कळलं पाहिजे की आत काय असेल आणि पुढं हात घालायचा की नाही. कुत्रं एक, शिकवण एक. पण ज्या वंशातून ते आलं त्याच वंशातलं दुसरं पिल्लू माग काढायला आणि तिसरं पहाऱ्याला जाऊ शकतं. पैदास करणाऱ्यानं वंश असा ठेवायचा की त्यातून निरनिराळ्या कामाची पिल्लं निघत राहतील.

आता यातली खरी अडचण. काही कामं एकमेकांना धरून असतात आणि काही एकमेकांच्या विरुद्ध ओढतात. कुत्र्याच्या शिकारीचे टप्पे ठरलेले आहेत: बघणं, दबा धरणं, पाठलाग, पकडणं, मारणं, फाडणं. माणसानं निवडीनं हे टप्पे कुठं वाढवले, कुठं दाबले. मेंढरं वळवणाऱ्या बॉर्डर कॉलीत नजर, दबा आणि पाठलाग टोकाला नेलेत, पकडणं-मारणं दाबून टाकलंय. कळपाची राखण करणाऱ्या कुत्र्यांत मेंढरांच्या बाबतीत हे सगळेच टप्पे जवळजवळ झोपलेले असतात. म्हणून ती मेंढरांत मेंढरांसारखी बसून राहतात आणि बाहेरचं जनावर आलं की उठतात. कारवान हे नजरेनं शिकार करणारं कुत्रं. लांबवर काही हललं की ते सुटतं. पाठलाग आणि पकड ही त्याची मूळ ताकद. ज्या कारवानात ही ताकद बेताची आणि डोकं शांत, तेच मेंढपाळाच्या उपयोगाचं. शर्यतीसाठी आपण दर पिढीला नेमकं उलटं निवडतो. हललं की सुटणारं, आणि एकदा सुटलं की हाक न ऐकणारं.

नोकरीत असताना याचे परिणाम दवाखान्यात येऊ लागले होते. कोकरं फाडलेल्या तक्रारी येत आणि बऱ्याच वेळा ते कुत्रं बाहेरचं भटकं नसे, गावातलंच मैदानाचं, म्हणजे शर्यतीचं असे. एकदा एका तरुण मालकाला मी विचारलं, हे मेंढरं राखतं का? तो अभिमानानं म्हणाला, "मेंढरात कशाला सोडू डॉक्टर? फाडल की त्ये. ह्येचा बा लई मैदानं मारलेला हाय." त्याचे वडील मागंच उभे होते. त्यांची स्वतःची मेंढरं होती. ते काही बोलले नाहीत.

वेग आणखी वाढवायचा म्हणून ग्रेहाउंड या परदेशी, पळणाऱ्या कुत्र्याचं रक्तही मिसळलं जातंय. ग्रेहाउंड हे उत्तम कुत्रं आहे, पण ते ज्या कामासाठी घडवलं गेलं ते काम आपल्या रानात नाही. अंगावर चरबी नसते, कातडी पातळ. तारेच्या कुंपणाला घासलं की हातभर फाटतं. थायोपेंटोनसारख्या औषधानं भूल दिली तर इतर कुत्र्यांपेक्षा फार उशिरा शुद्धीवर येतं, त्यामुळं टाके घालणंही जपून करावं लागतं. उसाच्या फडाकडेनं रात्रभर फिरायचं, बाभळीच्या काट्यांतून, भाकरी-ताकावर, हे त्याला झेपत नाही. असा संकर एका पिढीत पळायला चांगला निघतो. मग त्याचीच पिल्लं शुद्ध कारवान म्हणून विकली जातात आणि दोन पिढ्यांनी मूळ कुठं संपलं हे कुणालाच सांगता येत नाही.

एकाच गुणामागं लागण्याचा परिणाम कुठवर जातो याचं एक पक्कं उदाहरण व्हिपेट या शर्यतीच्या कुत्र्यात सापडलंय. २००७ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी दाखवून दिलं की मायोस्टॅटिन नावाच्या जनुकातला एक बदल आई-बाप यांपैकी एकाकडून आला तर कुत्रं जास्त वेगानं पळतं. तोच बदल दोघांकडून आला तर पिल्लू इतकं मांसल निघतं की ते बेढब दिसतं आणि त्याच्या स्नायूंना पेटके येऊ शकतात. वेगवान नराला वेगवान मादी दाखवत राहिलं की हा बदल दोन्हीकडून एकत्र यायची शक्यता वाढतच जाते. पळणाऱ्यांतून निवड करणाऱ्यानं हे मुद्दाम केलेलं नसतं. शर्यतीचा निकाल फक्त वेग मोजतो, आणि निकाल बघूनच माद्या नेल्या जातात.

दोन गुण सांभाळणं किती कठीण, तेही सांगतो, कारण मी हे सोपं आहे असं म्हणत नाही. समजा दहांत एक पिल्लू उत्तम राखणदार आणि दहांत एक उत्तम नाकाचं निघतं, आणि या दोन गुणांचा एकमेकांशी संबंध नाही. तर दोन्ही उत्तम असलेलं पिल्लू शंभरात एक. मादी एका वेळी सहा-सात पिल्लं देते. शंभर पिल्लांतून निवडायचं तर पंधरा-सोळा वेळा माद्या विल्या पाहिजेत. एका शेतकऱ्याला हे आयुष्यात जमणार नाही. शिवाय चार निरनिराळ्या गुणांवर सारखा भर दिला तर प्रत्येक गुणातली सुधारणा एकट्याच्या मानानं साधारण निम्म्या गतीनं होते. म्हणजे अनेक कामांचा वंश राखणारा माणूस मैदानात हरणारच. त्याला त्याच्या कामाबद्दल मान मिळायची दुसरी जागा नसेल तर तो तरी किती दिवस टिकेल?

हे जमतं, याचा दाखला आपल्याच मातीत आहे. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेनं 'सुवर्णा' मेंढी तयार केली. बंगालच्या लहानखुऱ्या गरोळे मेंढीत जुळी देणारं जनुक आहे. ते दख्खनी मेंढीत आणायचं होतं, पण गरोळेचं लहान अंग नको होतं. म्हणून पिढ्यान्‌पिढ्या दख्खनीकडं परत संकर केला, प्रत्येक मेंढीची नोंद ठेवली, आणि जुळी देणारी तरीही दख्खनी अंगाची मेंढी उभी केली. एका गुणासाठी दुसऱ्याचा बळी दिला नाही. मेंढरासाठी हे सगळं झालं. त्याच मेंढरांची राखण करणाऱ्या कुत्र्याच्या आईचं नावही कुठं लिहिलेलं नाही.

कुत्र्यांच्या बाबतीत जर्मनीत हे सव्वाशे वर्षांपूर्वी झालं. माक्स फॉन स्टेफानिट्झ या घोडदळातल्या अधिकाऱ्यानं १८९९ मध्ये होरांड नावाचं धनगरी कुत्रं घेतलं, संघटना काढली आणि जर्मन शेफर्डची पैदास सुरू केली. मेंढरं कमी होत चालली तशी त्यानं याच वंशाला पोलीस आणि लष्कराच्या कामाची वाट दाखवली. त्या संघटनेत आजही पैदाशीच्या आधी नर आणि मादी दोघांनाही कामाची परीक्षा द्यावी लागते. ती मेंढरं वळवण्याचीही चालते. कंबरेच्या सांध्याचं एक्सरे तपासणं वेगळंच. जिथं फक्त प्रदर्शनाच्या मैदानावर निवड झाली तिथं त्याच जातीची पाठ मागं उतरती झाली आणि कामाचे वंश वेगळे पडले. लॅब्राडोरचंही तेच झालं. प्रदर्शनाचं जाडजूड आणि रानातलं सडपातळ, शेजारी उभी केली तर एकाच जातीची वाटत नाहीत.

मुधोळ कुत्र्याची आपल्याकडची नोंद अभिमान वाटावा अशी आहे. कर्नाटकातल्या मुधोळचे राजे मालोजीराव घोरपडे यांनी हा वंश सांभाळला आणि इंग्लंडच्या राजाला, पाचव्या जॉर्जला, जोडी भेट दिली. २००५ मध्ये टपाल खात्यानं त्यावर तिकीट काढलं. मुधोळजवळ तिम्मापूरला कर्नाटकच्या पशुवैद्यकीय विद्यापीठाचं संशोधन केंद्र आहे. तिथली पिल्लं २०१६ मध्ये मेरठला लष्कराच्या प्रशिक्षणाला गेली. आणि २०२४ च्या अखिल भारतीय पोलीस कर्तव्य मेळाव्यात सीमा सुरक्षा दलाची 'रिया' ही मुधोळ कुत्री माग काढण्यात पहिली आली, तीही विदेशी जातींच्या कुत्र्यांना मागं टाकून. नजरेनं शिकार करणारं म्हणून ओळखलं जाणारं कुत्रं नाकाच्या कामात पहिलं येतं. म्हणजे नाक या वंशात आहे, फक्त ते तपासून शोधावं लागतं. आपण ते तपासतच नाही. गावातल्या किती माद्या अशा नाकाच्या असतील आणि शर्यतीत मागं पडल्या म्हणून रस्त्यावर सोडल्या गेल्या असतील, याचा विचार मनातून जात नाही.

म्हणून माझी सूचना. शर्यती होतात तशी आपल्या जिल्ह्यात वर्षातून एकदा कारवानाची कामाची परीक्षा व्हावी. पट्टणकोडोलीच्या विठ्ठल-बिरदेव यात्रेला मेंढपाळ एवढ्या संख्येनं येतातच. यात्रेची गर्दी ओसरल्यावर त्याच भागात मोकळ्या रानावर ती घेता येईल. मेंढरांच्या कळपातून कुत्रं दोरीनं आणि मग मोकळं न्यायचं. मालकानं पाठलागातून हाक मारून परत बोलवायचं. अंधार पडल्यावर अनोळखी माणूस जाळीजवळ आला तर ते ओरडतं का आणि मालक आल्यावर थांबतं का ते बघायचं. माग काढायला लावायचं. पळायलाही लावावं, पण लांब अंतर, आणि पळून झाल्यावर पाय आणि दम तपासून. पाचही गोष्टींत किमान पातळी गाठलेल्यालाच पैदाशीचा दाखला. मेंढरात नापास तो बाद, कितीही वेगवान असला तरी. परीक्षक म्हणून शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाचे जाणकार, पोलीस श्वान पथकातले निवृत्त हस्तक आणि दोन जुने मेंढपाळ असावेत. मेंढपाळांशिवाय ही परीक्षा घेऊ नये.

दीड-दोन वर्षांचं होण्याआधी कुत्र्याचं खरं काम कळत नाही. कुत्र्यांच्या पैदाशीचे २०१७ चे केंद्राचे नियमही अठरा महिन्यांच्या आतल्या मादीची पैदास करू देत नाहीत आणि आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकू देत नाहीत. आपल्याकडं दोन्ही सर्रास होतं. पिल्लाला तिसऱ्या आठवड्यापासून साधारण बारा-चौदा आठवड्यांपर्यंत जे भेटतं ते त्याच्या मनात आपलं म्हणून बसतं. ज्याला पुढं मेंढरांत राहायचं आहे त्यानं याच काळात मेंढरांत असलं पाहिजे, आणि ज्याला घर राखायचं त्यानं माणसांत. चार आठवड्यांचं पिल्लू खोक्यात घालून गाडीवरून नेलं तर चांगल्या वंशाचंही वाया जातं. हे नियम पाळले जातात का ते बघायला जिल्हा प्रशासनाला नवीन काही करावं लागणार नाही, यात्रेतल्या शर्यतीच्या ठिकाणी एक पशुवैद्यक बसवला तरी सुरुवात होईल.

यासाठी कुत्र्यांची नोंदवही ठेवावी लागेल. खर्चाचं म्हणाल तर सगळ्यात महाग वस्तू ती वही नाही, कुत्र्याच्या मानेत घालायची ओळखीची चिप आहे, आणि तीही ग्रामपंचायतीला परवडेल अशी. नर-मादीचं नाव, चिपचा क्रमांक, किती पिल्लं झाली, त्यांतली कुठं गेली, दोन वर्षांनी काय करतात, एवढं लिहून ठेवलं तर पाच-सहा वर्षांत दोन-तीन तालुक्यांत मिळून ती शंभर पिल्लांची निवड उभी राहील, जी एकट्याला शक्य नाही. वही लिहायला आणि गावोगाव फिरायला मी तयार आहे. माझ्याबरोबर नोकरी केलेले काही जणही येतील.

आपल्या दैनिकाला एक विनंती. शर्यतीचा निकाल छापताना पहिल्या आलेल्या कुत्र्याच्या आईचं नाव आणि ते घरी कुठलं काम करतं, एवढी एक ओळ जास्त छापावी. मालकाला ती सांगावी लागेल, म्हणून तो ती विचारात घेईल.

आपला,
एक निवृत्त पशुधन पर्यवेक्षक
ता. हातकणंगले, जि. कोल्हापूर